मिठाचा मान

“माझी जीभ चालू स्थितीत असून तिच्यात कोणताही दोष नाही,” असं हमीपत्र मी गेल्या पौषात दोन प्रतींत लिहून दिलं. एक प्रत आमच्या कॉलनीच्या रजिस्टरला डकवलेली आहे आणि दुसरी माझ्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली आहे. मी सरकारी कचेरीत हेड क्लार्क. हयातीचे दाखले, गळक्या छपराचे पंचनामे, हरवलेल्या सायकलीचे अर्ज असे सगळे कागद माझ्या हाताखालून गेलेत. पण स्वतःच्या जिभेची हमी घेणारा जळगाव जिल्ह्यातला मी पहिलाच माणूस असणार, आणि ती हमी खोटी ठरवणाराही.

हे हमीपत्र द्यायची वेळ का आली ते कळण्यासाठी आमचं भरीत माहीत पाहिजे. थंडी पडली की आमच्या कॉलनीतली सगळी घरं एका रविवारी एरंडोलजवळ अमृतभाऊंच्या मळ्यात जातात. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर लांब, हिरवी वांगी भाजायची, सोलायची, हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत लाकडी बडगीत कुटायची. मग त्यात मीठ पडतं. मग कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल मिसळून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर वाढायचं. दोनशे माणसांच्या भरितात मीठ किती पडावं हे कोणीही उठून ठरवू शकत नाही. तो मान आमच्या वडिलांचा, भाईदासआबांचा होता. ते बडगीजवळ उभे राहायचे, मुठीने मीठ टाकायचे, तीनदा चाखायचे आणि “बसू द्या” म्हणायचे. त्याशिवाय पंगत बसत नसे. आणि एकदा “बसू द्या” म्हटलं की पंगतीत मीठ मागायचं नाही हा नियम. मीठ मागणं म्हणजे मीठ टाकणाऱ्याचा सर्वांसमोर अपमान.

आबा गेले त्या वर्षी हा मान माझ्याकडे आला. त्याला मागच्या वर्षी एकवीस वर्षं झाली. कचेरीत मला साहेब विचारत नाही, घरात टीव्हीचा रिमोट माझ्या हातात नसतो. पण वर्षातून एक दिवस दोनशे भुकेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी असायची, आणि मी मुद्दामच तिसऱ्यांदा चाखायला जरा वेळ लावायचो. याला कोणी गर्व म्हणेल तर म्हणू दे.

मागच्या नोव्हेंबरात पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांनी आरोग्य तपासणी करून घ्यावी, असं परिपत्रक निघालं. ते मीच टाइप केलं होतं, त्यामुळे टाळता आलं नाही. वजन एक्याण्णव किलो आणि रक्तदाब थोडा वर निघाला. तपासणाऱ्या डॉक्टर सरिता पावरा माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी मला सांगितलं की काका, घरात जे शिजतं तेच खा, सगळं खा, पण दोन घास कमी खा. लोणचं-पापड आवरा, रोज पाऊण तास चाला आणि तीन महिन्यांनी परत या.

मला हे आवडलं नाही. एक तर ‘काका’ आवडलं नाही. दुसरं म्हणजे, एवढी रक्त-लघवीची तपासणी करून शेवटी हेच सांगायचं होतं, तर ते सारिका गेली चोवीस वर्षं फुकट सांगत होती. सारिका म्हणजे आमची सौभाग्यवती. तिची तपासणीही त्याच दिवशी करून घेतली होती आणि तिचे सगळे आकडे जिथल्या तिथे होते. रिपोर्ट वाचून तिने घडी घातली आणि ती भाजी निवडायला बसली. एवढ्या चांगल्या रिपोर्टचा तिने काही उपयोगच केला नाही. मी असतो तर फ्रेम केली असती.

मला साधा सल्ला नको होता, मला कडक काहीतरी हवं होतं. माणसाचं असंच असतं, औषध कडू लागलं नाही तर त्याला गुण येईल असं वाटत नाही. ते कडक मला धुळ्यात सापडलं. तिथे धनसिंग सर म्हणून एक जण ‘पंचत्याग’ नावाचा पंचेचाळीस दिवसांचा आहार चालवत. धान्य, तेल, गोड, मीठ आणि केळं या पाच गोष्टींचा पूर्ण त्याग. सकाळी दालचिनीचं पाणी, दुपारी दीडशे ग्रॅम उकडलेला दुधी, संध्याकाळी मोडाचे मूग आणि काकडी. सगळं मोजून खायचं आणि दर शनिवारी धुळ्याला जाऊन काट्यावर उभं राहायचं. जळगाव जिल्ह्यात राहून केळं सोडणं किती अवघड, हे सरांना धुळ्यात बसून कळणार नव्हतं. आमच्याकडे सावद्याहून पाहुणा आला की केळ्यांची फणी घेऊनच येतो. त्या महिन्यात चार पाहुणे आले.

मी सारिकाला पंचत्याग समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “शेहेचाळिसाव्या दिवशी काय खाणार?” हा प्रश्न मला फार खालच्या पातळीचा वाटला, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात ठेवायचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणला. माझा दुधी एकशे पन्नासच्या वर चार ग्रॅम गेला तर मी फोड काढून ठेवू लागलो. एके दुपारी सारिका ज्वारीच्या भाकरी करत होती. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा वास घरभर पसरला होता आणि माझ्यासमोर दुधी होता. रागाच्या भरात मी तिला म्हटलं की तुमचं सगळं अंदाजपंचे, त्यामुळेच घरात वजनं वाढतात. आणि तिच्या तीन भाकरी एकामागून एक काट्यावर ठेवल्या. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे बारा.

काटा बिघडला आहे अशी माझी खात्री पटली. मी तो बदलून मागायला दुकानात गेलो. दुकानदाराने शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं तर आकडा शंभरच आला. तरी मी तक्रारवहीत नोंद करायचा आग्रह धरला. तक्रार काय लिहू, असं त्याने विचारलं. “तीन भाकरी सारख्याच भरतात” एवढीच माझी तक्रार होती. ती लिहून घ्यायला त्याने नकार दिला आणि मी अपमान गिळून घरी आलो. गिळायला तेवढंच मोकळं होतं.

दरम्यान कॉलनीत बातमी पसरली होती. माणूस आजारी पडला तर लोक दोन दिवस सल्ले देतात, पण डाएटवर गेला तर सगळ्यांचा त्याच्यावर कायमचा हक्क तयार होतो. शेजारच्या मंदाबाईंनी मेथीचं पाणी सांगितलं. वरच्या मजल्यावरचे जितेंद्र बँकेत आहेत, त्यांनी रोज वीस मिनिटं उलटं चालायला सांगितलं. मी चाललो आणि दुधाच्या गाडीला धडकलो. एकाने गरम पाण्यात लिंबू पिळायला सांगितलं, तर दुसऱ्याने आधी गरम पाणी आणि मग लिंबू असा क्रम सांगितला, आणि तो उलटा झाला तर वजन वाढतं अशी भीतीही घातली. यावलचे एक गृहस्थ मला बसस्टँडवर भेटले. त्यांनी आठ दिवस फक्त केळी खाऊन नऊ किलो कमी केले होते. त्यांच्याकडे बघून तसं वाटत नव्हतं, पण त्यांच्या हातात केळी होती, म्हणून मी तिथून निघून गेलो.

शनिवारच्या धुळ्याच्या फेऱ्या हा वेगळाच त्रास. एरंडोलच्या स्टँडवर भज्यांची कढई अगदी खिडकीखाली असते. एकदा पारोळ्याच्या अलीकडे शेजारच्या बाईंनी डबा उघडला. शेवभाजी आणि भाकरी. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण माझी मान हळूहळू आत वळत असावी, कारण त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. मी म्हटलं, “नको अक्का, मी धान्य सोडलंय.”

“कोना नवस शे?”

“धनसिंग सरांचा,” मी म्हणालो.

त्या विचारात पडल्या. मग हात जोडून म्हणाल्या, “हाऊ देव माले माहीत नही, भाऊ.”

कचेरीतही परिणाम दिसू लागला. अवकाळी पावसाने झालेल्या नुकसानीबद्दल एका तालुक्याला पत्र जायचं होतं. ते मी जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणजे दुधीनंतर, लिहिलं. ‘बाधित शेतकऱ्यांना भरपाई तातडीने देण्यात यावी’ असं लिहायचं होतं. मी ‘भरीत तातडीने देण्यात यावे’ असं लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली, पत्र गेलं. आठ दिवसांनी उत्तर आलं की, भरीत देण्यास हरकत नाही, परंतु ते शिजवून द्यावयाचे की वांग्याच्या स्वरूपात, याबाबत मार्गदर्शन व्हावे. साहेबांनी मला आत बोलावलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मसुद्यावर पहिल्यांदाच लाल शाई पडली. मी ते सारिकाला सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती रडायला गेली असावी असं मी समजून घेतलं.

तरी पण, मी टिकलो. हे नमूद केलंच पाहिजे. चाळिसाव्या दिवशी माझं वजन साडेपाच किलोंनी उतरलं होतं. पँट ढिली झाली होती, गाल बसले होते आणि स्वभाव, सारिकाच्या म्हणण्याप्रमाणे, उकडलेल्या दुधीसारखा झाला होता. आणि नेमकं तेव्हाच भरीत आलं.

भरीत समितीची सभा लोटनआप्पांच्या ओट्यावर भरते. लोटनआप्पा महसूल खात्यातून सर्कल म्हणून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. भरिताला किती वांगी आणायची याचाही ते ठराव करतात. सभेत मंदाबाईंनी हरकत घेतली. ज्या माणसाने चाळीस दिवस मीठ जिभेला लावलं नाही, तो मीठ कसं चाखणार? आप्पांनी रजिस्टर उघडून नियम वाचला. त्यात मीठ टाकणाऱ्याने स्वतः मीठ खाल्लं पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण हरकत आली म्हणजे ती निकाली काढावीच लागते. शेवटी त्यांनी मला हमीपत्र लिहून द्यायला सांगितलं. पंगतीत कोणी मीठ मागितल्यास मान समितीकडे जमा होईल, अशी खाली ओळही घालायला लावली.

खरं तर तेव्हा मी म्हणायला हवं होतं की यंदा दुसऱ्या कोणाला टाकू द्या. पण मला आबा दिसले, बडगीजवळ धोतराचा सोगा खोचून उभे असलेले. त्यांचा मान एका दुधीपायी घालवायचा? मी सही केली. दोन्ही प्रतींवर.

वर आणखी एक शहाणपणा केला. पंचत्यागात काही दोष नाही हे कॉलनीला दिसावं म्हणून मी धनसिंग सरांनाच भरिताचं निमंत्रण दिलं. सर म्हणाले की येतो, पण आपला दोघांचा आहार तिथेही नियमाप्रमाणे व्हायला हवा, बाराच्या ठोक्याला, ताजा. म्हणजे दोनशे माणसांच्या चुलीपासून दूर, बांधाच्या पलीकडे, सारिकाला आमच्या दोघांसाठी वेगळी चूल मांडावी लागली. दरवर्षी बडगीत कांद्याची पात ती मिसळायची. यंदा ते काम दोन नव्या सुनांवर आलं आणि माझ्यामुळे ती पलीकडे दुधी उकडत बसली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं यातून झालं.

मळ्यात वांगी भाजली गेली. तो वास चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाला काय करतो हे मी सांगणार नाही. बडगीत कुटणाऱ्यांचे हात थांबले, लोक गोळा झाले आणि मी पुढे झालो. आप्पांनी हमीपत्र खिशात आणलं होतं. मी एक मूठ टाकली, दुसरी टाकली, तिसरी टाकली आणि चाखलं. जीभ खारट झाली. डोळ्यांत पाणी आलं. मी परत चाखलं, तरी तेच. दरवर्षी नऊ-दहा मुठी लागतात हे मला आठवत होतं, पण हल्लीचं मीठ जरा कडक येत असावं असं मला वाटलं. तिसऱ्यांदा चाखताना मी नेहमीप्रमाणे वेळ लावला. मग म्हणालो, “बसू द्या.”

पहिली पंगत बसली. शंभर माणसं होती. भरिताच्या पंगतीला दरवर्षी इतका गलका असतो की शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं. यंदा तिसऱ्या घासाला आवाज बसला. लोक खाली माना घालून जेवू लागले. कोणी कोणाकडे बघेना. जितेंद्र एका घासाला दोन-दोन मिरच्या खात होते. नियम सगळ्यांना माहीत होता, आणि माझा स्वभावही त्यांनी चाळीस दिवस पाहिला होता. अमृतभाऊंची आई बेबाबाई पंच्याऐंशीची, पंगतीच्या टोकाला बसली होती. तिने गप्प पंगतीवर नजर फिरवली आणि विचारलं, “आज बठ्ठा इतला चूप का शेतस?”

“भरीत भारी शे ना माय,” अमृतभाऊ म्हणाले आणि घोटभर पाणी प्याले.

मला सगळं समजलं. आप्पा पानावरून मान वर करून माझ्याकडेच बघत होते. तेवढ्यात पंगतीच्या मधून आवाज आला, मोकळा, खणखणीत. “अहो, जरा मीठ मिळेल का इकडे?”

ते धनसिंग सर होते. दुधी उकडेपर्यंत त्यांना दम निघाला नव्हता. ते पंगतीत बसले होते, समोर चार पुऱ्या होत्या आणि बोटं भरितात. मीठ सोडायला लावणारा माणूस शंभर जणांत मीठ मागत होता.

पंगतीतले सगळे हात थांबले. आप्पांनी डावा हात खिशाकडे नेला. खिशात हमीपत्र होतं.

त्याच वेळी सारिका दुधी शिजत ठेवून बांधावरून आली होती आणि पुऱ्यांची पाटी घेऊन वाढायला निघाली होती. तिने सरांचं वाक्य ऐकलं की नाही माहीत नाही. तिने फक्त पानांकडे बघितलं. दरवर्षी भरीत आधी संपतं आणि पुऱ्या उरतात. आज उलट झालं होतं. तिने पाटी खाली ठेवली आणि ती मोठ्या चुलीकडे गेली. उरलेल्या भाजक्या मिरच्या तिने पाट्यावर घेतल्या, कोथिंबीर टाकली, मिठाच्या पिशवीत हात घातला. दोन मिनिटांत ठेचा घेऊन ती पंगतीत आली. म्हणाली, “यंदा यांच्या सांगण्यावरून भरीत जरा हलकं ठेवलंय. वर हा ठेचा कालवून घ्यायचा, नवी पद्धत आहे.”

आणि ती वाढत गेली. मी तिचा हात बघत होतो. ज्याच्या पानावर भरीत जास्त, त्याला जास्त. ज्याचं अर्धं संपलं, त्याला बोटभर. बेबाबाईला नखाएवढाच, कारण ती मुळातच कमी वाढून घेते. शंभर पानं, आणि एकाही पानाजवळ ती थांबली नाही. तिने एकदाही चाखलं नाही. लोक कालवू लागले, खाऊ लागले आणि पंगतीच्या त्या टोकापासून गलका परत सुरू झाला. धनसिंग सरांनी सहावी पुरी घेतली.

मग ती बडगीकडे गेली. दुसऱ्या पंगतीचं भरीत त्यात होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मूठ भरली, अर्धी परत सोडली, टाकली. पुन्हा एक मूठ. पुन्हा एक. मग हाताने वरखाली केलं आणि हात धुतला. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं की चाखून तरी बघ.

“नैवेद्याचं कधी चाखते का मी?” ती म्हणाली.

हे खरं होतं. चोवीस वर्षं दर सणाला आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक होतो. देवाआधी तोंडाला लावायचा नाही म्हणून तो न चाखता होतो. वरण, भाजी, कढी, कशातही मीठ कमी नाही की जास्त नाही. मी दरवेळी ते जेवत आलो आणि त्यात काही विशेष आहे हे मला कधी सुचलं नाही. मग मला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती मी विचारली. “दरवर्षी पात मिसळताना तू काही...”

तिने आजूबाजूला बघितलं. “कधी दोन चिमटी घालायचे, कधी एखादी मूठ. एका वर्षी तुमचं फार जास्त झालं होतं, तेव्हा बाजूला ठेवलेली बिनमिठाची वांगी मिसळली. दहा वांगी मी नेहमी काढून ठेवते.”

“एकवीस वर्षं?”

“एकवीस.”

“मग बोलली का नाहीस?”

ती पुऱ्यांची पाटी उचलत म्हणाली, “तुम्ही ‘बसू द्या’ म्हणायचात ना, तेव्हा तुमचा चेहरा आबांसारखा दिसायचा. तो मला आवडायचा.”

मी बडगीजवळ उभा राहिलो. मला लाज वाटली, आणि तिचं एवढं कौतुक वाटलं की दोन्ही एकदम कुठे ठेवावं ते कळेना. मी काट्यावर दुधीची फोड वरखाली करत होतो, तेव्हा ही बाई शेजारी तीन सारख्या भाकरी थापत होती, तिच्या हाताला सगळ्याचं माप माहीत होतं आणि त्याचा तिने कधी उच्चार केला नाही. ती रोज भाकरी खाते, भाजी खाते, वरण खाते, सणाला पुरणपोळी खाते, पुरे झालं की उठते. याला कोणी नाव दिलेलं नाही, म्हणून मला ते आहार वाटलं नव्हतं.

दुसरी पंगत जेवून उठली तसे आप्पा हमीपत्र घेऊन आले. त्यांनी निर्णय दिला की मीठ मागणारा इसम कॉलनीचा सभासद नसल्याने त्याची मागणी ग्राह्य धरता येत नाही. सबब मान प्रेमराज भाईदास यांच्याकडेच कायम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे मी सुटलो होतो. गप्प बसलो असतो तर आजही तो मान माझ्याकडे असता.

मी उभा राहून सांगितलं. तीन मुठींचं सांगितलं, कांद्याच्या पातीचं सांगितलं, दहा वांग्यांचंही सांगितलं. आणि शेवटी म्हणालो की मान जिचा आहे तिच्या नावावर करा. सारिकाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मला डोळ्यांनी खाली बसायला सांगितलं. मी बसलो नाही. मग बेबाबाईने सारिकाचा हात हातात घेतला आणि तो उलटासुलटा करून बघितला.

“तुना हातले मीठनं वजन समजस वं बाई,” ती म्हणाली.

आप्पांची अडचण वेगळीच होती. नियमात ‘तीनदा चाखून’ असं स्पष्ट लिहिलेलं, आणि सारिका चाखायला तयार नव्हती. न चाखणाऱ्याकडे चाखण्याचा मान कसा द्यायचा, यावर मळ्यातच पाऊण तास सभा चालली. अखेर ‘चाखून’ हा शब्द खोडून ‘पाहून’ असा केला गेला आणि खाडाखोडीवर सात जणांनी सह्या केल्या. त्यातली एक धनसिंग सरांची आहे, साक्षीदार म्हणून. सरांनी तेव्हा नववी पुरी संपवली होती.

शेहेचाळिसाव्या दिवशी मी काय खाल्लं ते सांगतो. एक भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर वरण, काकडीची कोशिंबीर आणि जेवणानंतर अर्धं केळं. दुसरी भाकरी मागितली तेव्हा सारिकाने विचारलं की भूक आहे की वास आहे. मी विचार केला. वास होता. मी उठलो आणि चालायला गेलो, सरळ, उलटा नाही. तीन महिन्यांचे पाच करून मी एप्रिलमध्ये गेलो, आणि डॉक्टर पावरांनी रक्तदाब मोजला तेव्हा तो जागेवर आला होता. कोणता आहार घेतला असं त्यांनी विचारलं. तुम्हीच सांगितलेला, मी म्हणालो, पण मला तो घरी जाऊन समजला. वजनकाटा आता मंदाबाईंकडे आहे, त्या त्यावर लोकर मोजतात.

यंदाचं भरीत मागच्या रविवारी झालं. सारिका बडगीजवळ गेली तेव्हा दोनशे माणसं तिच्याभोवती उभी राहिली आणि ती लाजली. तिने मुठी भरल्या, टाकल्या, हाताने वरखाली केलं. मग थोडा वेळ नुसतंच पाहिलं. तो वेळ तिने मुद्दाम लावला की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही. तिने मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं.

“बसू द्या,” ती म्हणाली.

मी पहिल्या ओळीत बसलो. मीठ बरोबर होतं.